पत्रिकेत न छापलेली उत्तरं

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या काल्हेरमध्ये कमानी उभ्या राहू लागतात. ठाण्याहून बाळकुम नाका आणि कशेळीचा पूल मागे टाकून भिवंडीच्या दिशेनं निघालं, की गोदामांच्या रांगा, नव्या उंच इमारती, रस्त्याच्या मधोमध मेट्रोचे खांब आणि कंटेनरची रांग लागते. या सगळ्यातून वाट काढत गेलं की एखाद्या गल्लीच्या तोंडाशी झेंडूच्या माळांची आणि विजेच्या तोरणांची कमान दिसते. वर नवरा-नवरीची नावं, खाली ‘सहर्ष स्वागत’. लग्नाची तारीख दाट असेल तर हळदीच्या रात्री चार-पाच दिशांनी एकदम वाजत असतं.

कमानींच्या बरोबरीनं आणखी एक गोष्ट सुरू होते. लग्नघरातला फोन वाजू लागतो. पत्रिका वाटून झालेल्या असतात, मोबाइलवरही धाडलेल्या असतात, तरी पाहुण्यांचे प्रश्न संपत नाहीत. हळद नेमकी कोणत्या दिवशी? लग्न खरं किती वाजता लागणार? आम्ही किती जणांनी यायचं? ठाण्याहून काय मिळेल? गाडी कुठं लावायची? जेवण कसलं आहे? आहेर घेणार आहात ना? लग्नघरातली मंडळी दहा-वीस फोनांनंतर वैतागतात आणि म्हणतात, “अहो, पत्रिकेत सगळं छापलंय की!”

खरंच छापलेलं असतं का, हे पाहण्यासाठी मी घरातल्या जुन्या-नव्या पत्रिका काढून बसलो. वर गणपती आणि कुलस्वामिनी. मग चि. आणि चि. सौ. कां. त्यांच्या आईवडिलांची, आजी-आजोबांची नावं, कै. असलेल्यांची आदरानं आणखी ठळक. मग निमंत्रक, स्वागतोत्सुक, व्यवस्थापक. काका, मामा, आत्या, मावश्या, त्यांची मुलं. आमच्याकडच्या पत्रिकांत गावातल्या मान्यवरांचीही नावं येतात आणि कधी कधी पत्रिकेची पुस्तिकाच होते. शेवटी, ‘आमच्या काकाच्या लग्नाला नक्की यायचं हं!’ म्हणणारी तीन-चार चिमुकली. नाव राहिलं म्हणून रुसलेला मामा कार्यातून उठून जातो, तेव्हा ही यादी करणाऱ्याची कसरत मला समजते. पण एवढ्या मजकुरात पाहुण्याच्या उपयोगाच्या ओळी दोनच सापडतात: मुहूर्त आणि स्थळ. पत्रिका आपली, म्हणजे यजमानाची ओळख करून देते. पाहुण्यानं काय करायचं, हे ती सांगत नाही.

पूर्वी तिनं ते सांगायची गरजही नव्हती. पत्रिकेबरोबर माणूस येत असे. घरची दोन मंडळी कुंकू आणि अक्षता घेऊन दारोदार फिरत, बायका बायकांना कुंकू लावून बोलावणं करत. ओटीवर पाणी पिता पिता सगळे प्रश्न विचारले जात आणि तिथंच सुटत. “बैलगाडी पाठवतो, म्हातारीला घेऊन या,” असं सांगून बोलावणारा पुढच्या घरी जाई. ‘समक्ष भेटीस येऊ न शकल्याने हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे’ ही ओळ पत्रिकेत आली, तेव्हा तो ओटीवरचा माणूस गेला आणि त्याच्याबरोबर उत्तरंही गेली.

मोठ्या कार्यात पाहुण्याचा विचार किती बारकाईनं करता येतो, याचा एक जुना नमुना आपल्याकडे आहे. १७८३ साली पुण्यात सवाई माधवराव पेशव्यांचं लग्न झालं. त्या लग्नाच्या व्यवस्थेची नाना फडणिसांच्या कारभारातली तपशीलवार याद प्रसिद्ध आहे. कोणत्या पाहुण्याची बडदास्त कशी ठेवायची, पंगतींची व्यवस्था कशी असावी, हे त्यांनी आधी कागदावर उतरवलं. थाट पेशव्यांचा होता, आपल्याला तो परवडणार नाही आणि त्याची गरजही नाही. पण पाहुणा दारात येऊन गोंधळण्याआधी त्याच्या बाजूनं विचार करायचा, या रीतीला पैसे पडत नाहीत.

आज ही रीत अधिक हवी आहे, कारण पाहुणे लांबून येतात. पूर्वी काल्हेरचं लग्न म्हणजे काल्हेर, कशेळी, कोपर, पूर्णा, राहनाळ, अंजूर एवढ्या पंचक्रोशीचं. सगळ्यांना सगळं ठाऊक. आता मुलाच्या कचेरीतली मित्रमंडळी मुंबईहून येतात, सुनेची माणसं सातारा-जळगावहून येतात, आणि नव्या इमारतींत राहायला आलेले शेजारी तर पहिल्यांदाच आगरी लग्न पाहत असतात. त्यांनी विचारलं नाही तर त्यांना कळणार कसं?

पहिला प्रश्न वेळेचा. पत्रिकेत मुहूर्त छापतात ‘सायंकाळी ५ वाजून ४२ मिनिटांनी’. ही मिनिटं उगाच आलेली नाहीत. पूर्वी मुहूर्त साधायला घटिकापात्र ठेवत. पाण्यानं भरलेल्या घंगाळात बुडाला भोक असलेली वाटी सोडायची. ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटं झाली. त्या वाटीवर नजर ठेवून बसलेला माणूस असे आणि सगळा मांडव त्याच्या तोंडाकडे पाही. आता मनगटावर आणि खिशात घड्याळ आहे, मुहूर्त मिनिटापर्यंत छापतो आणि वरात मात्र कोपऱ्यावर तास-दीड तास नाचत असते. ५ वाजून ४२ मिनिटांचा अंतरपाट साडेसातला धरला जातो. मग अनुभवी पाहुणे उशिरा येतात आणि शब्द खरा मानणारा मधुमेही म्हातारा दोन तास रिकाम्या खुर्च्यांत बसून राहतो. मुहूर्त छापा, जरूर छापा. त्याखाली एक खरी वेळही छापा: ‘जेवण ७ वाजल्यापासून.’ त्यानं धर्म बुडत नाही.

दुसरा प्रश्न वाटेचा आणि त्याहून महत्त्वाचा परतीचा. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं तेव्हापासून आम्ही खांबांची वाढ पाहतो आहोत. पण लग्नाचा पाहुणा बस, रिक्षा, नाहीतर स्वतःच्या गाडीनंच येतो. भिवंडी म्हटलं म्हणून भिवंडी शहरात जाऊन पोचलेले, आणि गोदामांच्या आवारांत फाटक शोधत फिरलेले पाहुणे दर हंगामात भेटतात. ‘काल्हेर, ता. भिवंडी’ या पत्त्याऐवजी ‘ठाण्याकडून येताना कशेळीचा पूल ओलांडल्यावर अमुक देवळाशी डावीकडे’ एवढं लिहिलं तर किती जणांचा तास वाचेल! आणि येणं एकवेळ जमतं. रात्री अकराला दोन लहान मुलं आणि एक सासू घेऊन अवजड गाड्यांच्या रस्त्यावर रिक्षाची वाट पाहणाऱ्या बाईला आपण मघाशी आग्रहानं चौथी जिलबी वाढलेली असते. तो आग्रह तिला ठाण्यापर्यंत पोचवायला उपयोगी पडत नाही. परतीसाठी एक गाडी आणि ती चालवणारा एक शुद्धीवरचा माणूस, ही व्यवस्था कमानीआधी करायची आहे. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक लावायचे नाहीत, असा नियम २००० सालापासून देशभर आहे. तो पाळला तर पाहुणा वेळेवर घरी जाईल, शेजारचा बारावीचा मुलगा वाचू शकेल आणि नवरा-नवरीलाही झोप मिळेल.

तिसरा प्रश्न, किती जणांनी यायचं? मराठीत याची छान स्वच्छ उत्तरं होती. ‘घरटी एक’ म्हणजे घरातलं एक माणूस. ‘चूलबंद’ म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटायची नाही, सगळ्यांनी यायचं. ज्याला आवतण मिळे त्याला शंका उरत नसे आणि अपमानही वाटत नसे. पत्रिकेतल्या ‘सहकुटुंब सहपरिवार’नं ही दोन्ही उत्तरं पुसून टाकली. आता सगळेच चूलबंद बोलावतात, आणि मनातल्या मनात घरटी दोन धरून आचाऱ्याला पानं सांगतात. एप्रिल २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, सरकारनं लग्नाला २५ माणसं आणि दोन तास एवढीच मुभा ठेवली होती. नियम मोडला तर ५० हजार रुपये दंड. तेव्हा याच गावांतल्या लोकांनी चुलत्यांना हात जोडून ‘तुम्ही येऊ नका, घरूनच अक्षता टाका’ असं सांगितलं. कुणाचं नातं तुटलं नाही. खरं कारण सांगून आकडा सांगितला तर माणसं समजून घेतात, एवढं तरी त्या वाईट दिवसांनी दाखवून दिलं.

चौथा प्रश्न जेवणाचा. आगरी घरात हळद म्हणजे मटण आणि तांदळाच्या भाकऱ्या, आणि “हलदीला यावाच लागंल हा!” हा आग्रह. त्या आग्रहातला जिव्हाळा अनुभवल्याशिवाय कळायचा नाही. पण हळद मार्गशीर्षातल्या गुरुवारी आली तर? पाहुणा शाकाहारी असला तर? तो विचारायला लाजतो आणि भातावर आमटी कुठं मिळेल ते शोधत हिंडतो. ‘शाकाहारी पंगत उजवीकडे’ एवढी पाटी त्याला माणसांत आणते. दारूचा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही, कारण उत्तर वासावरूनच कळतं. हळदीचा खर्च लग्नाच्या वर गेला, त्यात दारू आणि डीजे यांचा वाटा मोठा, हे आता समाजातली जाणती माणसंच बोलू लागली आहेत. गेल्या काही वर्षांत ठाणे-रायगडच्या आगरी गावांतून याला आळा घालण्यासाठी बैठका झाल्या, ठराव झाले. बाहेरच्या कुणी नाकं मुरडण्यापेक्षा घरातल्यांनी केलेला विचार अधिक टिकाऊ असतो.

पाचवा प्रश्न आहेराचा. ‘कृपया आहेर आणू नये’ हे वाक्य वाचून जितकी माणसं गोंधळात पडतात, तितकी बँकेच्या कुठल्याही फॉर्मवरच्या वाक्यानं पडत नसतील. आणि बँकेचे फॉर्म मी आयुष्यभर वाचले आहेत. लग्नासाठी कर्ज मागणाऱ्यांच्या अर्जाला पत्रिका जोडलेली असायची, तीवर ‘आपली उपस्थिती हाच आहेर’ असं छापलेलं असायचं. आणि कर्ज फेडणार कसं, असं विचारलं तर तोच गृहस्थ म्हणायचा, “साहेब, आहेर येईल ना!” आहेराची वही हे एक चालू खातंच असतं. व्याज नसतं, पण वसुली असते. अमक्यानं पाचशे एक लिहिले, आपण त्याच्याकडे त्याहून कमी लिहायचे कसे, या विचारानं हातावर पोट असलेला माणूस उसने पैसे काढून पाकीट भरतो, नाहीतर लग्नाला जातच नाही. आहेर नको असेल तर व्यासपीठाजवळ वही-पेन घेऊन बसलेला मामा उठवा, म्हणजे ते वाक्य खरं वाटेल. हवा असेल तर तसं सरळ राहू द्या. देण्याघेण्यात लाज नाही. आणि वधूवरांना मिळालेल्या वस्तूंची यादी करायची तर ती कायद्याप्रमाणे करा. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा, आणि त्याखाली १९८५ साली झालेले नियम सांगतात, की वधूला आणि वराला मिळालेल्या भेटींच्या वेगवेगळ्या याद्या कराव्यात, त्यात वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं लिहावं आणि दोघांनी सह्या कराव्यात. आहेराच्या वह्या घरोघर असतात; ही यादी क्वचितच कुणी करतं. आणि पुढं दुर्दैवानं काही बिनसलं, तर मुलीच्या उपयोगाची असते ती हीच यादी.

एवढे झाले विचारले जाणारे प्रश्न. ते विचारता येतात, म्हणजे अर्धे सुटलेलेच असतात. मला अधिक छळतात ते न विचारले जाणारे.

वरमाय विधवा असते. नवरा गेल्यावर गोदामात हमाली मोजून, नाहीतर चार घरची धुणी करून तिनं पोराला वाढवलेलं असतं. पत्रिकेत तिचं नाव ‘श्रीमती’ लावून सर्वांत वर असतं. पण हळद लावायची वेळ येते, सवाष्णींना हाका मारल्या जातात, आणि ती भांडी आवरायच्या निमित्तानं मागच्या दारी जाते. तिला कुणी ‘येऊ नको’ म्हटलेलं नसतं. ‘मी येऊ का?’ हे तिनं विचारलेलंही नसतं. विचारायचंच नसतं, हे ती आधीच शिकलेली असते. घरात आलेली एखादी विधवा आत्या, मावशी, शेजारीण यांचंही तेच. हसत-खेळत चाललेल्या कार्यात हा एक कोपरा अंधारात राहतो आणि फोटोवाला तिकडे वळत नाही.

हे जिथं घडतं त्या मांडवाचा इतिहास मात्र वेगळा आहे. आगरी लग्नं पूर्वी धवलारीण लावत असे, म्हणजे धवळे गाणारी, विधी सांगणारी बाईच इथं पुरोहित होती. आता अशा बायका थोड्या उरल्या. धवळे हा शब्द मराठी वाङ्मयातही फार जुना. तेराव्या शतकातल्या महदंबेचे रुक्मिणीस्वयंवराचे धवळे आपण मराठीतलं पहिलं स्त्रीकाव्य म्हणून शिकतो. ज्या समाजानं लग्न लावायचा अधिकार बाईच्या गळ्याला दिला, त्यानं दुसऱ्या बाईच्या बोटाला हळद लागू देऊ नये, हे मला पटत नाही. आणि हे बदलता येतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितलं. ठराव हा कागद असतो, हे खरं. तो घरात आणायचा तर वरानंच पुढं होऊन म्हटलं पाहिजे, “आये, पहिली हळद तू लाव.” पत्रिका देताना आत्येला सांगितलं पाहिजे, “आत्ये, हळद लावायला तू हवीस.” तिनं विचारायची वाट पाहायची नाही.

न विचारले जाणारे आणखीही आहेत. व्यासपीठाला सहा उंच पायऱ्या असतात आणि गुडघे दुखणारी आजी खालूनच अक्षता टाकते. वधूवरांनी दोन मिनिटं खाली उतरायचं की नाही? हजार माणसांच्या मांडवात बायकांची सोय कुठं आहे, हे बाई कुणाला विचारणार? ती सकाळपासून पाणी कमी पिते. चाकाच्या खुर्चीवरचा भाऊ घरीच ठेवून येतात, कारण मैदानात खडी टाकलेली असते. या लोकांचे फोन लग्नघरी येत नाहीत. ते मुकाट्यानं घरी राहतात आणि आपण म्हणतो, “आले नाहीत, जमलं नसेल.”

यजमानांना एवढं सुनावल्यावर पाहुण्यांनाही दोन शब्द सांगायला हवेत. आपल्याकडे ‘येणार का?’ या प्रश्नाला ‘बघतो, जमवतो’ हे एकच उत्तर ठरलेलं आहे. नाही म्हणणं अपशकुनासारखं वाटतं. त्या ‘बघतो’च्या भरवशावर आचारी पाचशे पानं जास्त धरतो, आणि रात्री भाताचे टोप उकिरड्यावर जातात, त्या भाताचं बिल मात्र नवरीच्या बापाच्या कर्जात कायमचं राहतं. ‘आम्ही चौघे येतो’ किंवा ‘या खेपेस जमणार नाही, नंतर भेटायला येऊ’ असं आठ दिवस आधी स्पष्ट कळवणारा पाहुणा हा मला मोठा आहेर देणारा पाहुणा वाटतो. तसंच, पत्रिका नीट वाचून मगच फोन करावा, आणि तोही मुलीच्या आईला लग्नाच्या सकाळी करू नये.

ज्यांच्या घरी यंदा कार्य आहे त्यांनी पत्रिकेत आणखी एक चिठ्ठी घालावी, असं माझं सुचवणं आहे. सोनेरी शाई नको, साध्या कागदावर सहा-सात ओळी: जेवण किती वाजता, यायचं कसं, परतीची गाडी कधी, कोणी कोणी यायचं, ताटात काय, आहेर घेणार की नाही. खाली एका शांत स्वभावाच्या माणसाचा फोन नंबर. वरबापाचा नको, त्याला त्या दिवशी आपलं नावही आठवत नसतं. आणि चिठ्ठी पाकिटात घालण्याआधी घरच्यांनी एकदा बसून विचार करावा, की आपल्या नात्यात असं कोण आहे जे काही विचारणार नाही. त्यांच्याकडे मात्र चिठ्ठी पाठवून भागणार नाही. तिथं कुंकू आणि अक्षता घेऊन, जुन्या रीतीप्रमाणे, स्वतःच जायला हवं.